कोल्हापुरात शिकून गेलेले आणि परत आलेले

कोल्हापूरच्या भवानी मंडपाला लागून, अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर मेन राजाराम हायस्कूलची दगडी इमारत उभी आहे. संस्थानची इंग्रजी शाळा म्हणून 1851 मध्ये सुरू झालेल्या या शाळेच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे होते. त्यांच्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी गोपाळ कृष्ण गोखले इथे शिकले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भाऊराव पाटील नावाचा कुंभोजचा एक दांडगा मुलगा इथल्याच बाकावर बसत होता. पहिले दोघे शिकून मुंबई-पुण्याला गेले आणि देशाचे पुढारी झाले. तिसरा मॅट्रिकपर्यंतही पोचला नाही, पण महाराष्ट्रातल्या लाखो मुलांना त्याने शाळेत बसवले.

कोल्हापुरातल्या कोणत्याही शाळेत हिवाळा आला की स्नेहसंमेलनाची आणि दहावीच्या निरोपाची गडबड सुरू होते. अलीकडे त्याला 'करिअर मार्गदर्शन' नावाचा एक कार्यक्रम जोडला गेला आहे. शाळेतून शिकून मोठ्या हुद्द्यावर गेलेल्या माजी विद्यार्थ्याला बोलावतात, शाल आणि नारळ देतात, कोल्हापुरी रिवाजाप्रमाणे फेटाही बांधतात. मग पाहुणे बोलतात. आम्ही अनवाणी शाळेत येत होतो, कंदिलाच्या उजेडात अभ्यास करत होतो, जिद्द सोडली नाही म्हणून आज इथे उभे आहोत. मुले टाळ्या वाजवतात. असे कार्यक्रम आम्ही खाली बसून ऐकले आहेत आणि वर बसूनही पाहिले आहेत. यातले कोणी खोटे बोलते असे आमचे म्हणणे नाही. पण या भाषणांत खेड्यातला मुलगा एका वाक्यात शहरात येतो आणि दुसऱ्या वाक्यात साहेब होतो. या दोन वाक्यांच्या मधली सहा-सात वर्षे तो कुठे झोपला, कोणाच्या चुलीवरचे जेवला, फीच्या पावतीवर कोणी सही केली, हे कोणी सांगत नाही. कोल्हापूरचा शैक्षणिक इतिहास मात्र मुख्यतः याच गोष्टींचा इतिहास आहे.

गोखल्यांचेच पाहा. ते सर्वांना ठाऊक आहेत ते काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आणि गांधीजींनी गुरू मानलेले म्हणून. 1879 मध्ये त्यांचे वडील वारले तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडले आणि कागलला महिना 15 रुपयांची नोकरी धरली. त्यातले 8 रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्याला पाठवत आणि उरलेल्या 7 रुपयांत घर चालवत. गोपाळ हाताने स्वयंपाक करून खात असे. एकदा एक सोबती त्याला नाटकाला घेऊन गेला. गोपाळला वाटले, तो आपल्याला पाहुणा म्हणून नेतो आहे. दुसऱ्या दिवशी त्या सोबत्याने तिकिटाचे दोन आणे मागितले. भावाकडे जादा पैसे मागणे शक्य नव्हते. मग गोपाळने दिव्याचे तेल वाचवून दोन आणे भरून काढले आणि ते दिवस रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास केला. रस्त्यावरच्या दिव्याची ही गोष्ट आपल्याकडे जिद्दीचा दाखला म्हणून सांगतात. आम्हाला ती हिशेबाची गोष्ट वाटते. महिना 8 रुपये घट्ट बांधलेले असले की दोन आणे किती मोठे असतात, याची ही गोष्ट आहे. आणि 1881 ला गोपाळ मॅट्रिक झाला त्यात त्या 8 रुपयांचा, म्हणजे गोविंदरावांच्या सोडलेल्या शाळेचा वाटा किती, हेही विचारायला हवे. गोविंदरावांना कोणत्याही शाळेने भाषणाला बोलावल्याचे आमच्या वाचनात नाही.

आमचे गावही कागल तालुक्यातलेच. वडील पिंजारी. पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव गाद्या भरत हिंडायचे. आठवीला आम्ही कोल्हापूरला आलो ते सदर बाजारात फुफीच्या घरी राहायला. फुफीच्या घरी माणसे सात आणि खोल्या दोन, म्हणून जेवणाचा भार तिच्यावर नको असे अम्माने ठरवले. डबा रोज सकाळच्या एस.टी.ने यायचा. ड्रायव्हरच्या मागे दोऱ्या बांधलेले दहा-पंधरा डबे असायचे, प्रत्येकावर रंगाने नाव. स्टँडवर आपला डबा ओळखून उतरवून घ्यायचा आणि कालचा रिकामा डबा परत द्यायचा. या एस.टी.च्या डब्यावर कोल्हापूर, सांगली, सातारा जिल्ह्यांत दोन-तीन पिढ्या शिकल्या. भाकरी दुपारपर्यंत कडक व्हायची, पण ती यायची. ज्या दिवशी गाडी बंद पडे त्या दिवशी आमचा रोजा आपोआप होई. हे सांगायचे ते आमचे कौतुक म्हणून नव्हे. आमच्याच वर्गातल्या ज्या मुलांना शहरात फुफी नव्हती, ती मुले सातवीनंतर गावातच राहिली. त्यांच्यातला एक आमच्याहून गणितात हुशार होता.

शहरात ज्याचे कोणी नाही त्याने शिकायचे कसे, हा प्रश्न कोल्हापुरात एका माणसाने राज्यकारभाराचा प्रश्न मानला. शाहू महाराजांच्या हाती 2 एप्रिल 1894 रोजी सत्ता आली तेव्हा संस्थानच्या सामान्य प्रशासनातल्या 71 जागांपैकी 60 जागांवर ब्राह्मण होते. महाराजांनी इतरांना नोकऱ्या द्यायचे मनात आणले, तर शिकलेला माणूसच मिळेना. माणूस शिकावा म्हटले, तर खेड्यातून येणाऱ्या मुलाला शहरात राहायला जागा मिळेना. खोली पाहायला गेला की जात विचारली जायची. खानावळीत पंगत वेगळी. सर्वांसाठी मिळून एक वसतिगृह काढून पाहिले, तर तिथे पुढारलेल्या वर्गाचीच मुले टिकली. मग महाराजांनी एकेका समाजाचे स्वतंत्र बोर्डिंग काढायला सुरुवात केली. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. पुढे लिंगायत, नामदेव शिंपी, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती, नाभिक अशी रांगच लागली. 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल निघाले. 6 मे 1922 रोजी महाराज वारले तोपर्यंत ही संख्या वीसच्या पुढे गेली होती.

आपल्या समाजाचे बोर्डिंग 1906 चे. त्याआधी काही मुस्लिम मुलांना महाराजांनी मराठा बोर्डिंगमध्येच ठेवून घेतले होते. 1906 मध्ये त्यांनी शहरातल्या प्रमुख मुसलमानांना जमवले, कोल्हापूर मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. ही गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. इतर समाजांची बोर्डिंगे त्या त्या समाजातल्या शिकलेल्या, पैसेवाल्या मंडळींच्या हाती सोपवता येत होती. आमच्याकडे त्या वेळी अशी मंडळी पुरेशी नव्हती. अध्यक्ष व्हायला माणूस नव्हता म्हणून राजा अध्यक्ष झाला, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो. दसरा चौकात त्यांनी जागा दिली, इमारतीला पैसे दिले. आज त्या चौकात उभे राहिले तर मध्ये महाराजांचा पुतळा दिसतो आणि भोवती मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, सारस्वत बोर्डिंग आणि लिंगायतांचा चित्रदुर्ग मठ. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते या चौकात उभे राहिल्यावर पटते.

एक गोष्ट आमच्यातल्या शिकलेल्या मंडळींनाही सांगावी लागते. 26 जुलै 1902 चा संस्थानचा जाहीरनामा, ज्याने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांना राखून ठेवल्या, त्यात मागास कोणाला म्हणायचे हे उलट बाजूने सांगितले होते. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सगळे. म्हणजे कोल्हापूरचा मुसलमान 1902 पासून आरक्षणात होता. धर्म पाहून नव्हे, शाळेतली आणि कचेरीतली गैरहजेरी पाहून. एकशे बारा वर्षांनी, 2014 च्या जुलैत, राज्य सरकारने मुस्लिमांतल्या मागासांसाठी पाच टक्क्यांचा अध्यादेश काढला. त्याच नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात त्यातला शिक्षणाचा भाग चालू ठेवला, पण अध्यादेशाचा पुढे कायदाच झाला नाही आणि तो आपोआप संपला. तेव्हा जे वाद झाले त्यांत 1902 चा उल्लेख व्हायचा तो दुसऱ्यांच्या संदर्भात. आमचे नाव त्या यादीत होते, हे आमच्याकडून क्वचितच कोणी सांगितले.

जातवार बोर्डिंगांवर टीका झाली, आजही होते. मुलांना लहानपणापासून जातीच्या भिंतीत वाढवले, असे म्हणतात. टीका अगदी निराधार नाही, आणि तिचे सर्वांत मोठे उदाहरण याच शहरात घडले. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगमध्ये राहून राजाराम हायस्कूलमध्ये शिकत होते. 1908 मध्ये मिस क्लार्क होस्टेलच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर अंघोळ न करता जेवणघरात जायला निघाले. बोर्डिंगची व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. त्यांनी भाऊरावांना काढून टाकले. लठ्ठे पुढे कोल्हापूरचे दिवाण आणि मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले, सुधारक म्हणूनच ओळखले गेले. पण त्या दिवशी एका विद्यार्थ्याची भाकरी बंद झाली ती त्यांच्या हुकुमाने. महाराजांनी भाऊरावांना राजवाड्यात ठेवून घेतले. पुढे 1914 च्या डांबर प्रकरणात लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांचा छळ झाला, ते तुरुंगात गेले, पण ती साक्ष त्यांनी दिली नाही. हा दुसरा प्रसंग पहिल्यासोबत सांगितला जात नाही म्हणून मुद्दाम लिहितो.

भाऊराव ज्या बोर्डिंगमधून निघाले तिथे ते पाहुणे म्हणून फेटा बांधून घ्यायला परत गेले की नाही, हे महत्त्वाचे नाही. त्यांनी बोर्डिंगच नव्याने मांडले. 1910 मध्ये दूधगावला जे विद्यार्थी वसतिगृह निघाले त्यात जैन, मराठा, महार आणि मुसलमान मुले एकत्र होती. 1919 मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू झाले. 1927 च्या फेब्रुवारीत महात्मा गांधींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिले. तिथे मुले स्वतः धान्य आणत, स्वतः रांधत आणि एका पंगतीत जेवत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकून मुलांच्या जेवणाची सोय केली, शेवटी मंगळसूत्रही दिले. 1959 मध्ये पुणे विद्यापीठाने या मॅट्रिक नसलेल्या माणसाला डी.लिट. दिली. शाहू महाराजांनी दिलेली कोठी आणि लठ्ठे यांनी बंद केलेली पंगत, या दोन्ही आठवणी त्या साताऱ्याच्या स्वयंपाकघरात असणार, असे आम्हाला वाटते.

तरीही जातवार बोर्डिंग काढली ती चूक होती, असे म्हणायला आम्ही तयार नाही. ज्या काळात मुसलमान मुलाला वाड्यात कोणी खोली देत नव्हते, त्या काळात एकत्र वसतिगृहाची वाट पाहत बसणे म्हणजे आणखी एक पिढी पिंजण आणि पानाच्या टोपलीवर सोडून देणे होते. पिंजण वाईट नाही, आमचे घर त्याच्यावर चालले. पण पिंजणाशिवाय दुसरे काही निवडताच न येणे वाईट.

आता परत येण्याविषयी. शिकून गेलेला माणूस आपल्या गावी परत येतो तेव्हा काय होते, याचे कोल्हापुरात निरनिराळे नमुने आहेत. रानडे परत आले ते संस्थानचे न्यायाधीश म्हणून, 1860 च्या दशकाच्या शेवटी, वयाच्या पंचविशीच्या आसपास. वडील याच संस्थानच्या चाकरीत, त्यामुळे सगळे शहर ओळखीचे. एका दाव्यातला ओळखीचा माणूस वडिलांकडे आला आणि वडिलांनी मुलाला त्याचे कागद जरा पाहायला सांगितले. रानडे यांनी नम्रपणे पण साफ नकार दिला. असे होणार असेल तर बदली मागून घ्यावी लागेल, असेही सुचवले. रमाबाई रानडे यांनी ही हकीकत आठवणींत लिहिली आहे. गावाने मोठ्या केलेल्या माणसाकडून गाव पहिल्यांदा वशिलाच मागते, हे तेव्हाही तसेच होते.

आबालाल रहिमान परत आले ते वेगळ्या कारणाने. कोल्हापूरचा हा मुसलमान मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये 1880 च्या दशकात शिकला आणि तिथला अव्वल विद्यार्थी म्हणून नावाजला गेला. मुंबईत राहिला असता तर पैसा आणि नाव दोन्ही मिळाले असते. तो कोटितीर्थाच्या काठी येऊन राहिला. शाहू महाराजांनी त्याला दरबारी चित्रकार केले. रंकाळ्याचे, पंचगंगेचे पाणी आणि त्यावरचा उजेड त्याने आयुष्यभर रंगवला. त्याची बरीच चित्रे आज हरवलेली आहेत. 1931 मध्ये तो वारला. कोल्हापूरची म्हणून जी चित्रपरंपरा सांगितली जाते, तिच्या मुळाशी या फकिरी वृत्तीच्या माणसाचे नाव घ्यावेच लागते. आजच्या करिअरच्या भाषेत आबालालचा कार्यक्रम ठेवता येणार नाही. मुलांनी विचारले, सर, तुमचे पॅकेज किती, तर काय सांगणार?

आणि कृष्णाबाई केळवकर. त्यांच्या आई रखमाबाई कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाचे काम पाहत. कृष्णाबाई मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. महाराजांनी त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आजच्या सी.पी.आर. दवाखान्यात, नेमले आणि पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला पाठवले. त्या परत आल्या आणि कोल्हापुरातच बायकांना तपासत राहिल्या. त्यांनी शाळेत जाऊन भाषण केले नसेल तरी काय बिघडले? ज्या घरातल्या बाईचे बाळंतपण त्यांनी केले, त्या घरातल्या मुलीला बाई डॉक्टर होऊ शकते हे कोणी वेगळे सांगायची गरज नव्हती. 1917 मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महिना एक रुपया दंड ठेवला. पण मुस्लिम मुलीला घराबाहेर ठेवून शिकवायची तयारी आमच्या मोहल्ल्यांत त्या वेळी नव्हती. हे महाराजांच्या माथी मारता येणार नाही.

सर्वांत मोठा नमुना मात्र माणगावचा. कागल जहागिरीतल्या माणगावात 21 आणि 22 मार्च 1920 रोजी अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. वय अठ्ठावीस, अमेरिकेत शिकून आलेले, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केलेले. शाहू महाराज शिकारीवरून मुद्दाम त्या परिषदेला आले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले की तुम्हाला तुमचा पुढारी सापडला आहे. इथे शिकलेल्या माणसाने स्वतःविषयी बोलायचे नव्हते. दुसऱ्या एका वडीलधाऱ्या माणसाने, ज्याच्या हाती सत्ता होती, त्याच्याविषयी त्याच्याच लोकांना सांगितले. त्या आधी जानेवारीत 'मूकनायक' निघाले त्याला महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते, आणि पुढे आंबेडकर शिक्षण पुरे करायला लंडनला निघाले तेव्हाही पैसे दिले. आम्ही माणगावच्या त्या सभेकडे एक करिअर मार्गदर्शन म्हणून पाहतो. फरक इतकाच की तिथे मार्गदर्शनाबरोबर वाटखर्चही होता.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेने आम्हाला बोलावले. शाळा शहरातलीच. पाटबंधारे खात्यात नोकरी करून आम्ही निवृत्त झालो आहोत. धरणाच्या भिंतीवर, कालव्याच्या कडेला आयुष्य गेले. मुलांना त्यातले बरेच सांगण्यासारखे होते, आणि सांगितलेही. दहावीच्या तीन तुकड्या, त्यांत आपली मुले-मुली वीस-पंचवीस असावीत. बागवान, तांबोळी, मोमीन, शिकलगार, मुजावर अशी नावे हजेरीत ऐकू आली. मुले मराठीत शिकणारी. कोल्हापूरकडच्या आमच्या घरांत बोली दखनी आणि पाटी-पेन्सिल मराठी, हे जुनेच आहे. भाषण झाल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, काही विचारायचे असेल तर विचारा. बराच वेळ कोणी बोलेना. मग शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला.

"सर, पुण्यात आपल्याला खोली मिळते का?"

वर्गात दोघे-तिघे हसले. त्या 'आपल्याला' मध्ये कोण कोण आहे हे सगळ्यांना कळले होते. मुलगा हसत नव्हता. त्याचा भाऊ इंजिनिअरिंगला पुण्याला गेला होता. फोनवर खोली ठरायची, भाडे ठरायचे, नाव सांगितले की कालच दुसऱ्याला दिली असे उत्तर यायचे. दीड महिना तो मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपला.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोल्हापुरात खेड्यातल्या मुलाला जो प्रश्न विचारला जायचा तोच हा प्रश्न. 2006 च्या नोव्हेंबरात न्यायमूर्ती सच्चर समितीचा अहवाल आला. देशातल्या नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या वर्गात पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुसलमान आणि पदव्युत्तर वर्गात पन्नासांत एक, हे आकडे तेव्हा सर्वत्र छापून आले. त्या अहवालात एक साधी शिफारसही होती. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी, विशेषतः मुलींसाठी, परवडणारी वसतिगृहे काढा. दसरा चौकातले बोर्डिंग 1906 चे, शिफारस 2006 ची. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुसलमानांचे साक्षरतेचे प्रमाण 78.1 टक्के होते, राज्याची सरासरी 76.9. म्हणजे आपली मुले शाळेत जात नाहीत, मदरशातच अडकतात, हे जे सर्रास बोलले जाते त्याला निदान महाराष्ट्रात आधार नाही. मुले शाळेत जातात. गळतात ती पुढे, जिथे गाव सोडावे लागते तिथे. 2022 मध्ये केंद्राने अल्पसंख्याकांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती थांबवली आणि संशोधन करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही बंद केली. त्याच वर्षी 6 मे रोजी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता सारे कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभे राहिले होते. आम्हीही उभे होतो. पुढच्या वर्षी, 7 जून 2023 ला, समाजमाध्यमांवरच्या स्टेटसच्या निमित्ताने याच शहरात बंद झाला, दगड फेकले गेले, इंटरनेट तोडले गेले. 14 जुलै 2024 ला विशाळगडाच्या पायथ्याच्या गजापुरात आपल्या लोकांची घरे आणि मशीद फोडली गेली. आमच्यासमोर बसलेली ती मुले हे सगळे पाहत दहावीपर्यंत आली होती. त्या मुलाने यातले काहीच विचारले नाही. खोलीचे तेवढे विचारले.

आम्ही त्याला सांगितले ते खरे सांगितले. मिळते. वेळ लागतो. भाऊ एकटा शोधतो म्हणून जास्त वेळ लागतो. तिथे आधी राहिलेला, घरमालकाशी आदबीने बोलेल, जामीन राहीन म्हणेल असा माणूस सोबत असला की लवकर मिळते. पुण्यात आमच्या खात्यातले, आमच्या गावचे असे माणूस आहेत. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, एक जैन गृहस्थ तर असे आहेत की त्यांच्या शब्दावर तीन मुलांना खोल्या मिळाल्या. त्यांचे नंबर आम्ही मुख्याध्यापकांजवळ देऊन ठेवले.

मग एका मुलीने विचारले, खोली, खानावळ आणि फी मिळून वर्षाला किती लागतात? आम्ही फळ्याकडे गेलो आणि हिशेब मांडला. खोलीभाडे दोघींत वाटून. खानावळीचे दहा महिने, कारण दोन महिने सुट्टी. परीक्षा फी. वह्या-पुस्तके. बसचा पास. शिष्यवृत्ती किती आणि ती कोणत्या महिन्यात हाती पडते, कारण जूनमध्ये भरायचे आणि पैसे फेब्रुवारीत येतात, हेही लिहिले. बेरीज झाली तेव्हा वर्ग शांत झाला होता. मुलींनी तो हिशेब वहीत उतरवून घेतला. आम्ही खडू खाली ठेवणार इतक्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, सर, ईदला घरी यायचे भाडे राहिले. ते आम्ही लिहिले आणि बेरीज पुन्हा केली.